आउटरला उभी गाडी

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पोरानं पेपरवर नुसतं नाव धड लिहिलं तरी दोन मार्क टाकायचे. शून्याच्या खाली मी कुणाला ढकललं नाही. आणि निवृत्तीनंतर हाडांची घनता मोजून आले तर माझ्या कागदावर मार्क होते वजा २.८! डॉक्टर म्हणाले, "बाई, वजा २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं ठिसूळ." म्हणजे नापास व्हायला लागतात त्याच्यापेक्षाही मी थोडा जास्तच अभ्यास केलेला.

गोळी मिळाली आठवड्यातून एक, ७० मिलिग्रॅमची. मी मनात म्हटलं, रोज नाही, सोपं आहे. पण ही गोळी म्हणजे जावयाच्या वरताण. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती वर येऊन अन्ननलिका जाळते. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी तर अजिबात नाही. एवढे लाड पुरवूनही त्या औषधातलं रक्तात पोचतं ते एक टक्क्याहूनही कमी. वर चहा प्यायलात, तर तेवढंही गेलं.

आमचे हे रेल्वेतले गार्ड. भुसावळच्या अर्ध्या गावासारखेच निवृत्त, पण घड्याळ अजून ड्युटीवर. गोळीसोबतचं पत्रक यांनी भिंग लावून, कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी कुठे जपून न्यायची तो लेखी हुकूम, वाचावी तसं मोठ्यानं वाचलं. "छातीत जळजळ. पोटदुखी. अंगदुखी. क्वचित जबड्याच्या हाडाला इजा. क्वचित मांडीचं हाड मोडणे." मी म्हटलं, "अहो, हाड मोडू नये म्हणून घेतेय ना मी ही?" हे म्हणाले, "क्वचित लिहिलंय." आणि पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

वार ठरला गुरुवार. पहाटे सहाला मी गोळी घेऊन ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसायची, हे समोर घड्याळ घेऊन. "अजून अठरा मिनिटं. तू आउटरला आहेस. सिग्नल नाही." एरवी सहाच्या ठोक्याला माझा चहा घशाखाली गेलेला असतो. चहाविना मी म्हणजे कोळसा संपलेलं इंजिन. आणि खानदेशातल्या माणसांना कसं कळतं कोण जाणे, नेमक्या त्याच अर्ध्या तासात कुणीतरी येतं. शेजारची जिजी मूळची पारोळ्याकडची. ती फाटकातूनच, "अशी काबर बठेल शे वं? काय व्हयनं?" मी म्हटलं, गोळी घेतलीय, हाडांची. "मंग चहा पी ले, बरं वाटी!" आणि स्वतःच्या घरून आणलेला वाफाळता चहा माझ्या नाकाखाली धरला. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे सोयरीक मोडणं. तो चहा यांनी घेतला. गार्डसाहेबांना सिग्नल कायम हिरवा.

यातून एक झालं. साडेसहाला लागणारा चहा गुरुवारपुरता यांच्याकडे गेला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण साखरेचा डबा कोणता आणि मिठाचा कोणता हे त्यांना तेव्हा समजलं. पहिल्या गुरुवारच्या चहानंतर समजलं.

चौथ्या आठवड्यात छातीत जळजळ सुरू झाली. आता ही जळजळ कोणाची, यावर घरात चौकशी समिती बसली. कारण गोळी गुरुवारची आणि बुधवारी रात्री दिराच्या मळ्यात भरीत पार्टी. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, हे मी पोरांना शिकवलेलं. पण ते वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजून, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचून, कांद्याची पात टाकून, वर तेलात तळलेले शेंगदाणे ओतून पानात पडतं, तेव्हा कुठलं मानांकन आणि कुठली हाडं! सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते काळपट, खमंग पीठ. मी दोन भाकरी खाल्ल्या. अडीच, खरं सांगायचं तर.

"भरिताचं आहे," हे म्हणाले. मी म्हटलं, "जन्मभर भरीत खाल्लं, तेव्हा नाही जळलं!" भरितावर खानदेशी बाई आळ घेऊ देत नाही. पुढच्या बुधवारी मी खिचडी-कढी खाल्ली, नुसता देहत्याग. तरी गुरुवारी जळलंच, घास गिळतानाही टोचलं. वांगं निर्दोष सुटलं. डॉक्टरांनी ऐकल्या ऐकल्या गोळी बंद केली. "जळजळ होत असताना ओढत न्यायची नसते ही. वर्षातून एकदाच सलाईनमधून देऊ."

वर्षातून एकदा! पण त्याआधी रक्तात किडनी आणि कॅल्शियम तपासा, डी व्हिटॅमिनची पुडी घ्या, दात दाखवून या. दाताच्या डॉक्टरांनी एक किडकी दाढ काढली. हाडांचं इंजेक्शन आणि हातून गेली दाढ, असा हिशोब. जखम भरल्यावर मग तारीख मिळाली, ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधीची. सलाईन संपलं वीस मिनिटांत. मी चालत घरी आले आणि जिजीला फुशारकीनं सांगितलं, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं."

रात्री अकराला मुंगीनं वारूळ बोलावलं. शाळेत हजेरी घेतल्यासारखं एकेक हाड उठून "हजर बाई" म्हणायला लागलं. मणका हजर, खुबा हजर, पायाची करंगळी, जी चौतीस वर्षांत कधी वर्गात दिसली नव्हती, तीही हजर. दोनशे सहाच्या दोनशे सहा. दिवसा बाहेर चव्वेचाळीस अंश, रात्री माझ्या काखेत एकशे दोन. भुसावळच्या एप्रिलात मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते आणि हे उघड्या अंगानं कूलरसमोर बसून पत्रक वाचत होते. "लिहिलंय. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी. तीन दिवसांत जातं. पुढच्या वेळी कमी." जिजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, डॉक्टरांनी फोनवर पॅरासिटामॉल सांगितली. उतार पडल्याचं श्रेय जिजीनं घेतलं, मी घेऊ दिलं.

आखाजीला लेक आली तेव्हा मी झोक्यावर बसण्याइतकी झाले होते. "आई, सावकाश, हाडं!" ती खालून ओरडत होती.

आता गुरुवारी गोळी नसते. पण सहा वाजता मी सवयीनं त्या खुर्चीत जाऊन बसते. हेही सवयीनं घड्याळ घेऊन येतात, अर्धा तास मोजतात आणि उठून चहा टाकायला आत जातात. गोळी बंद झाल्याचं पत्रकात लिहिलेलं नाही, आणि मी अजून बोललेले नाही.