न्हाणीतला मेन बोर्ड आणि ‘एमसीबी आहे ना’ हा गैरसमज

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मोबाइलवर एक संदेश सर्रास फिरतो आहे: मेन बोर्ड न्हाणीत किंवा गॅसच्या शेगडीवर असला तरी एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा छोटा स्विच, बसवलेला असल्यास धोका नाही, तो हलवणे हा वायफळ खर्च आहे, आणि हलवायचाच असेल, तर मेन स्विच बंद करून ओळखीचा वायरमन दुपारभरात काम उरकतो.

यातले पहिले विधान सर्वांत घातक आहे. एमसीबी तारेला जपतो, माणसाला नव्हे. 16 अँपिअरचा एमसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, म्हणजे पुरवठा तोडतो. माणसाच्या जिवाला मात्र 30 मिलिअँपिअरच्या पुढचा, म्हणजे त्याच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याचा प्रवाहही घातक ठरू शकतो. एवढ्या गळतीवर, म्हणजे तारेबाहेर निसटणाऱ्या प्रवाहावर, पडतो तो आरसीसीबी हा वेगळा स्विच, आणि तो प्रत्येक घरात असावा असे माझे ठाम मत आहे. परंतु आरसीसीबीदेखील स्वतःपासून पुढे घरात जाणाऱ्या तारांवरच लक्ष ठेवतो. मीटरकडून त्याच्यापर्यंत येणारी तार आणि तिची टोके त्याच्या राखणीबाहेर राहतात. खानापूरकडच्या पावसात जुन्या घरांच्या मातीच्या भिंती ओल धरतात, त्यात न्हाणीतल्या बंबाची वाफ. ते पाणी पेटीत नेमके त्या टोकांवर उतरले, तर आतले कोणतेही उपकरण घरच्यांना वाचवू शकत नाही. म्हणून जागाच बदलावी लागते.

खर्च होतो, हे मान्य आहे. पण तो वायफळ नाही. शेगडी, सिंक, न्हाणीघर आणि शौचालय या जागा वायरिंगच्या आयएस 732 या भारतीय मानकातच स्विचबोर्डासाठी वर्ज्य आहेत. शेगडीवरच्या बोर्डापाशी आग लागली, तर मेन स्विचपर्यंत हात तरी कसा पोहोचणार?

तिसरे विधान वायरमनच्याच जिवावर बेतणारे आहे. मेन स्विच बंद केला तरी मीटरपासून त्या स्विचपर्यंतची तार जिवंतच असते. ती मृत करण्यासाठी पुरवठा मीटरमध्ये येण्याआधीच तोडावा लागतो आणि ते काम हेस्कॉमचे, म्हणजे इथल्या वीजपुरवठा कंपनीचे आहे. मीटरचे सील परस्पर तोडणे हा विद्युत कायदा, 2003 नुसार गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे आधी हेस्कॉमकडे अर्ज करावा आणि काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. बोर्ड हलवल्यावर जुन्या तारा बहुधा लांबीला अपुऱ्या पडतात. त्या नव्या तारांना पिळून, वर टेप गुंडाळून भिंतीत गाडू देऊ नयेत. प्रत्येक जोड उघडून पाहता येईल अशा जंक्शन बॉक्समध्येच घ्यावा, आणि पुरवठा जोडण्यापूर्वी इन्सुलेशन व अर्थिंगची चाचणी समोर उभे राहून करून घ्यावी.