पदवी मान्य आहे, पण परवान्याचं काय?

ऑनलाइन पदवीच्या जाहिरातीत "यूजीसी मान्यताप्राप्त, नियमित पदवीशी समकक्ष" असं ठळक लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीतच ही समकक्षता आहे. नोकरीच्या अर्जाला, पुढच्या शिक्षणाला ती पदवी चालते. पण व्यवसाय करायचा परवाना विद्यापीठ देत नाही, त्या त्या व्यवसायाची परिषद देते. हे मात्र जाहिरातीत नसतं.

मानसशास्त्राचंच बघा. संसार, नोकरी सांभाळून एमए सायकॉलॉजी करणाऱ्या कितीतरी बायका आपल्या आसपास आहेत. अनेकींना पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असतं. त्यासाठी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि नुसत्या एमएवर ती मिळत नाही, मग एमए कॉलेजात बसून केलेलं का असेना. परिषदेने मान्य केलेलं, रुग्णांसोबत देखरेखीखाली केलेलं प्रशिक्षण लागतं. वर्षानुवर्षं त्याचा मुख्य मार्ग दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हाच होता, आणि त्याच्या जागा अगदी मोजक्या. हे बहुतेकींना फी भरून झाल्यावर कळतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्र, आहारशास्त्र असे आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदीच घातली, तीही जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून. समोरचा माणूस कोलमडत असताना त्याच्याशी कसं बोलायचं हे पडद्यावर शिकता येत नाही, म्हणून बंदीमागचं कारण मला पटतं. पण ज्यांना परवाना नको होता, फक्त विषय शिकायचा होता, त्या तालुक्याच्या गावातल्या बाईचा रस्ताही त्यात बंद झाला. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि विद्यार्थ्याने भोगायचं हे काही नवीन नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्या अवैध ठरवल्या, तेव्हा त्या पदव्यांवर नोकरी-बढती मिळवलेली माणसं अडचणीत आली. परवानगी नसताना अभ्यासक्रम चालवले होते संस्थांनी.

अमेरिकेत परवान्यासाठीचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या कॉलेजला तो कोणत्या राज्याच्या अटी पूर्ण करतो आणि कोणत्या नाही, हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडेही प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर, मराठीत, हे छापायची सक्ती हवी. बारीक अक्षरात नको.

तोवर प्रवेश घेणाऱ्यांनी थेट परिषदेच्या संकेतस्थळावर नियम वाचा. प्रवेश मिळवून देणाऱ्या समुपदेशकाच्या फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. "या पदवीवर नोंदणी होईल का?" हे विद्यापीठाला ईमेलने विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत फी भरू नका.