बेल्ट आहे, पण तो नाही!

सोलापूरच्या नव्या पेठेत जुन्या सीडी प्लेयरच्या ट्रेचा, म्हणजे ट्रे आत-बाहेर सरकवणारा रबरी बेल्ट मागा, उत्तर ठरलेलं: "टेपचा आहे, बसवून टाका." अहो, टेपचा बहुतेक चपटा असतो, हा चौकोनी! जाडी साधारण 1.2 मिमी. माप विचारलं की दुकानदार अंगठा-तर्जनीचं कडं करून दाखवतो. हे माप?

जुना बेल्ट मोजूनही भागत नाही, तो ताणून सैल झालेला असतो. दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी घ्या. 95 मिमी आली तर बेल्ट ताणून बसावा म्हणून त्यातून सातेक टक्के वजा करा, 88 उरले. भागिले 3.14, म्हणजे आतला व्यास 28 मिमी. एवढं साधं गणित, पण पाकिटावर आकडाच नसतो! अंदाजाने घट्ट घेतला की मोटरच्या बुशवर (दांडी फिरते त्या कड्यावर) ताण, सैल घेतला की ट्रे अर्ध्यात अडकणार. काही मॉडेलांत डिस्क दाबून धरणारा क्लॅम्पही त्याच बेल्टवर खाली येतो. बेल्ट घसरला की डिस्क पकडतच नाही आणि लोक उगाच लेन्स बदलत बसतात.

आणि भाजीच्या जुडीचा रबर लावणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. सोलापूरचा एक उन्हाळा, की त्याचा पुलीवर चिकट गूळ. मग बसा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा घेऊन पुसत.