मशीनला हात लावू नका

कोल्हापुरात माणसाला नाद असावा लागतो. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला म्हशी पळवायचा. बिननादाच्या माणसाला इथं लोक ‘तब्येत बरी हाय न्हवं?’ असं विचारतात. माझ्या मेहुण्याला जुन्या शिलाई मशीनचा नाद आहे, आणि मला मेहुणा आहे.

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याच्या दाजीला कधी घाम फुटत नाही. पण सिंगरचं जुनं मशीन म्हणजे अस्सल बीड, ओतीव लोखंड. नुसतं वरचं मुंडकं चौदा-पंधरा किलो भरतं. खालचं लोखंडी स्टँड, पायडल, चाक आणि फळी धरली तर उचलायला दोन माणसं लागतात. त्यातला एक बदलत असतो, दुसरा मी.

परवाच्या रविवारी ह्या मशीनवाल्यांचा मेळावा होता. जागा शिवाजी पेठेतली, एका तालमीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. खाली पोरं जोर-बैठका मारत होती आणि आम्ही त्यांच्यासमोरून मशीन जिन्यानं वर चढवत होतो. एक पैलवान मदतीला उठला, तर मेहुणा म्हणाला, “नको भावा, नक्षी घासंल.” दाजी घासला तर चालतो. जिन्याच्या वळणावर मी वाकून जोर लावला आणि टर्रकन आवाज आला. मेहुण्यानं आधी मशीन तपासलं. मशीन ठणठणीत होतं. माझी पँट मागच्या शिवणीला वरपासून खालपर्यंत उसवली होती.

म्हटलं, फाटायचीच होती तर योग्य ठिकाणी फाटली. हॉलमध्ये ओळीनं पंचवीस-तीस शिलाई मशीनं मांडलेली. एक टीप मारून द्यायला कितीसा वेळ लागतो?

पहिल्या मशीनवर सोन्याच्या रंगातली स्फिंक्सची नक्षी होती. मालकानं माझं ऐकून घेतलं आणि समजावलं, की ह्या मॉडेलला गोल बॉबिन नसते, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची शटल असते आणि ती आत पुढं-मागं झुलते. तीच नेमकी हरवलीय. उद्यमनगरात लेथवर करायला टाकलीय. (आपला लेथवाला ‘होत नाही’ असं कधीच म्हणत नाही, ‘मंगळवारी या’ म्हणतो.) दुसऱ्या मशीनला पट्टा नव्हता. तिसरं 2019 च्या पुरात बुडालेलं. मालकानं ते रॉकेलनं सोडवत आणलं होतं. रॉकेल कुठनं मिळवलं, हे त्यानं सांगितलं नाही. चाक फिरत होतं, सुई जागची हलत नव्हती. “पण चाक बघा की किती मऊ फिरतंय,” तो म्हणाला. मी पाठ भिंतीला लावूनच ते बघितलं.

चौथं मशीन मात्र चालू होतं, पट्टा-सुई-बॉबिन सगळं जागेवर. त्याचे मालक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मशीनपुढं पाटी ठेवली होती, ‘हात लावू नये’. शेजारच्या खुर्चीत त्यांची आई बसली होती. ती पाटी तिच्याकडं तोंड करून होती.

मग व्याख्यान झालं. मशीनवरच्या नंबरातलं पहिलं अक्षर वाय असेल तर ते स्कॉटलंडच्या क्लायडबँकमधल्या कारखान्यातलं, हे कळल्यावर सगळा हॉल आपापल्या मशीनपुढं वाकला. मला वाकता येत नव्हतं. पुढं गांधीजी आले. यंत्रांच्या नादाला न लागणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या मशीनला मात्र सूट दिली. बायकोचे शिवणकामाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र घडवलं, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. आता हा आयझॅक सिंगर मुळात नाटकात काम करणारा नट. 1851 साली त्यानं पेटंट घेतलं, पण टोकाशी नेढं असलेल्या सुईचं पेटंट एलियस हाव ह्यानं 1846 मध्येच घेतलेलं, त्यामुळं सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. शिवाय सिंगरचे संसार एकाच वेळी बरेच चालू होते आणि मुलं दोन डझन. “ह्यातल्या नेमक्या कुठल्या बायकोचे कष्ट बघवले नाहीत?” असं मी विचारलं. मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं नाही, वक्त्यानंही नाही.

सिंगरच्याही आधी फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्यानं मशीन केलं होतं. 1831 मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून त्याची मशीनं फोडली. इतिहासात ते लोक अडाणी ठरले. त्यांच्यातल्या कुणाला मेहुणा होता का, हे कुणीतरी तपासायला पाहिजे.

व्याख्यान संपल्यावर सगळे मिसळ खायला खाली गेले. मी पँटमुळं राहिलो, आजी गुडघ्यांमुळं राहिल्या.

“भिंत सोड की,” आजी म्हणाल्या. “मगाधरनं बघतीय. फाटलीय व्हय?”

मी मान हलवली. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि परत अडकवली. “पिनंचं काम न्हाई हे. काढ.”

“आजी, पाटी...”

“ह्या मशीनवर तीन पोरींची लग्नं केली म्या. पाटी मला सांगतोस? लाजू नगंस, माझ्या ल्योकाएवढा हाईस.”

मी मशीनचं झालरीचं कव्हर कमरेला गुंडाळलं आणि पँट दिली. आजींनी पिशवीतून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, बॉबिन भरली, नेढ्यात दोरा एका झटक्यात ओवला. चष्मा नव्हता. तेलाचे दोन थेंब सोडून चाकाला हात दिला आणि पायडल मारलं. त्या आवाजानं खालची मंडळी मिसळ टाकून वर पळत आली.

“आई!” बँकवाले दारातच ओरडले. पुढं त्यांना काही बोलताच आलं नाही, कारण बाकीच्यांनी त्यांना बाजूला सारून मोबाइल बाहेर काढले होते. झालर नेसून उभ्या असलेल्या माझ्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते मेहुण्याचं. “दाजी, जरा फ्रेमच्या भाईर व्हा.”

आजींनी दोरा दातानं तोडला. पँट माझ्याकडं न येता हातोहात हॉलभर फिरली. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या बरोबर मधोमध अडकलाय का, हे एकानं भिंग लावून बघितलं. “टेन्शन एक नंबर!” असं त्यानं जाहीर केलं. मी हात पुढं केला तेवढ्यात तो स्फिंक्सवाला घाईघाईनं पुढं आला.

“आजी, माझं रेकॉर्डिंग सुरूच नव्हतं बघा. तेवढी उसवून परत एकदा माराल काय? जरा सावकाश.”

आजींनी ब्लेड मागितलं.