ग्लायडरचं डिझाइन नियमांनी गोठवलं, हे खरं नाही

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: स्पर्धांच्या नियमांनी ग्लायडरचं, म्हणजे इंजिनाविना उडणाऱ्या विमानाचं, डिझाइन गोठवलं, वेगळे प्रयोग मारून टाकले, आणि सुरक्षिततेचा नियमांशी संबंध नाही, ती पायलटच्या हातात असते. मॉडेल ग्लायडर बनवणारी आपली पोरं हे वाचून नियमपुस्तिकेवरच चिडायला लागलीत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘15 मीटरच्या मर्यादेनं प्रगती खुंटली.’ स्टँडर्ड क्लास हा ग्लायडर स्पर्धेतला एक वर्ग जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा आला 1958 मध्ये, पोलंडमधल्या लेश्नोला. पंख 15 मीटरपर्यंतच, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) नाहीत, चाक आत घेता येणार नाही, पाण्याचं बॅलास्ट (वजन वाढवायला भरलेलं पाणी) नाही. त्या वेळी नावाजलेलं लाकडी का-6 शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून साधारण 30 किलोमीटर जायचं. आज त्याच वर्गातली, तेवढ्याच पंखांची ग्लायडर 40 च्या पुढे जातात. चाक आणि बॅलास्टची बंदी पुढे उठली, त्याचा वाटा यात आहेच. पण पंख लांबवायची सोय नाही म्हटल्यावर डिझायनर एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार), गुळगुळीत पृष्ठभाग आणि फायबरच्या मागे हात धुऊन लागले, हे मोठं कारण.

‘वेगळे प्रयोग नियमांनी मारले.’ स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी 1975 मध्ये एफएस-29 उडवलं. त्याचे पंख उडता उडता 13.3 मीटरपासून 19 मीटरपर्यंत लांबायचे. ओपन क्लासमध्ये पंखांच्या लांबीला मर्यादाच नाही, तरी ही कल्पना कुणी पुढे नेली नाही, कारण यंत्रणा जड आणि किचकट होती. उलट ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांचं शेपटीविना एसबी-13 स्टँडर्ड क्लासच्या 15 मीटरमध्येच बसवलेलं होतं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्ल्ड क्लासमध्ये सगळ्यांना एकच विमान, पोलंडचं पीडब्ल्यू-5. तिथं डिझाइन खरंच गोठलं आणि तो वर्ग फार काळ टिकला नाही. पण वर्गाची चौकट आखणं वेगळं आणि एकच विमान ठरवून देणं वेगळं.

‘सुरक्षितता पायलटच्या हातात.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. पूर्वी स्टार्ट लाइन ओलांडताना 1000 मीटरची उंचीमर्यादा असायची, वेगाला मर्यादा नव्हती. लाइन ओलांडल्यावर तोच वेग पुन्हा उंचीत बदलता यायचा. मग पायलट पाण्यानं भरलेलं ग्लायडर मर्यादेच्या वर नेऊन, जवळजवळ कमाल वेगानं खाली सूर मारत लाइन ओलांडायचे, तेही एकाच जागी आणि एकामागून एक. यात बेफिकिरी कुणाचीच नव्हती, गुण तिथं होते. शेवटच्या रेषेवरही तसंच, जमिनीपासून काही मीटरवरून सुसाट पार. उड्डाणाची जागा आणि उंची नोंदवणारे जीपीएस लॉगर आल्यावर बऱ्याच स्पर्धांमध्ये शेवटाला किमान उंचीचं वर्तुळ आलं. त्याखाली आलात की गुण कापले. पायलट तेच, ग्लायडर तीच, उडणं बदललं.

डिझाइनवरही असाच परिणाम होतो. उभ्या सुरातसुद्धा वेग कमाल मर्यादेत धरतील असे एअरब्रेक (पंखांतून उघडून हवा अडवणारे पट्टे) सुरुवातीच्या स्टँडर्ड क्लासनं सक्तीचे केले होते. घाबरलेल्या पायलटला त्यानं किती मोठा आधार मिळाला असेल!

आपल्याकडचंच बघा. राजारामपुरीतल्या एका खोलीत पोरांनी बनवलेला मॉडेलचा पंख हातात घेतला. टोक जरा उचललं तर मुळाशी बारीक करकर ऐकू आली. त्यांच्या स्पर्धेच्या गुणांच्या सूत्रात रिकामं वजन छेदात होतं, म्हणजे वजन कमी तितके गुण जास्त, म्हणून त्यांनी स्पारवरचा (पंखाच्या आतल्या मुख्य दांड्यावरचा) कापडाचा एक थर कमी केला होता, तोही मुळाशी, जिथं वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त. पोरं हुशार आहेत, त्यांनी सूत्राचं ऐकलं. स्पर्धा भरवणाऱ्यांनी उड्डाणाआधी पंखांवर वाळूच्या पिशव्या ठेवून भारचाचणी सक्तीची करावी. तो थर पोरं त्याच आठवड्यात परत घालतील.