पान किती दिसतं ते आधी बघा

मुलीसाठी टॅब घेतला. रेडमी पॅड एसई, २३ एप्रिल २०२४ ला भारतात आलेला. ती त्या जूनमध्ये दहावीत जाणार होती. तेव्हापासून शाळेतल्या सहकारी आणि ओळखीच्या आया एकच विचारताहेत, "ताई, घेण्यासारखा आहे का?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. मी तंत्रज्ञानातली नाही, मराठी माध्यमाची शिक्षिका आहे. मुलं पुस्तक कसं वाचतात हे रोज बघते आणि त्याच नजरेने टॅबकडे बघितलं.

आधी मागचं सांगते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ही सहावीत होती. माझा फोन तिच्या तासाला आणि माझ्याही तासाला लागायचा. घाईघाईत सात इंची स्वस्त टॅब आणला. २ जीबी रॅम, १६ जीबी जागा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीत तेव्हा बहुतेक टॅब तसेच होते. त्या १६ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइडनेच खाल्ली होती. दोन-तीन ॲप टाकली की "जागा नाही" असं यायचं. दीड वर्षात तो कपाटात गेला. पण त्याच्या संथपणापेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. पोर पुस्तकाची पीडीएफ उघडायची, दोन बोटांनी मोठी करायची, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवायची, परत मागे आणायची. चार ओळी झाल्या की सोडून द्यायची. आम्ही तिला म्हणायचो, लक्ष नाही तुझं. लक्ष होतं हो तिचं, पण पान दिसत नव्हतं.

म्हणून या वेळी दुकानात जाताना पर्समध्ये पट्टी घेऊन गेले. दुकानदार बघत राहिला, पण मी मोजलंच. हा टॅब उभा धरला की पडद्याची रुंदी पावणेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे मोठ्या आकाराचं पान इथे मूळ मापाच्या सत्तर टक्के दिसतं. घरातल्या त्या जुन्या सात इंचीची रुंदी जेमतेम नऊ सेंटिमीटर, तिथे तेच पान चाळीस-बेचाळीस टक्क्यांवर येतं. सत्तर टक्क्यांवर पान न वाढवता वाचता येतं, चाळीसवर येत नाही. माझ्यासाठी सगळा निर्णय इथेच झाला.

घरी आल्यावर बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावीची पुस्तकं उतरवून घेतली. ती मोफत आहेत, कुणीही पैसे देऊन पीडीएफ घेऊ नका. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधलं आवर्तसारणीचं पान उघडलं. माझी परीक्षा हीच होती. खाली लँथॅनाइड आणि ॲक्टिनाइडच्या दोन ओळी असतात, सगळ्यात बारीक अक्षरं तिथे. टॅब आडवा केला आणि अणुअंक न वाढवता वाचता आले. मग मराठी मजकूर. आपल्या लिपीत घ आणि ध, भ आणि म यांत फरक केवढा? एवढीशी रेघ. अनुस्वार म्हणजे तर एक ठिपका. पडदा भरड असला की मूल अंदाजाने वाचतं, आणि परीक्षेत तोच अंदाज लिहितं. इथे १९२० बाय १२०० पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या बारीक ठिपक्यांचा, पडदा आहे. "राष्ट्र"मधला ष्ट्र सुटा सुटा दिसला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

बाकीचं थोडक्यात. प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ६८०, म्हणजे २०२१ चा. खेळांसाठी घेत असाल तर हा नको. पीडीएफ, व्हिडिओ, दीक्षा (सरकारचं धड्यांचं मोफत ॲप) यांना पुरतो. वर व्हिडिओ आणि खाली पुस्तक असं दोन भागांत लावून तिने तासभर काम केलं, अडलं नाही. चार स्पीकर आहेत, आवाज मोकळा येतो. हेडफोनची पिन लागते, ही मला मोठी सोय वाटते. वजन ४७८ ग्रॅम. हातात धरून तासभर वाचवत नाही, टेबलावर स्टँड लागतोच.

तीन प्रकार आहेत. २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा ४ जीबी रॅमचा १२,९९९ ला होता, ६ जीबीचा १३,९९९ ला, ८ जीबीचा १४,९९९ ला. जागा तिन्हींत १२८ जीबी. मी ६ जीबीचा घेतला आणि तोच घ्या म्हणेन. दरवर्षी ॲप जड होत जातात, आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. दहावी-बारावी दोन्ही याच टॅबवर काढायच्या असतील तर त्या हजार रुपयांत कसर करू नका.

आता उणिवा. बॅटरी ८००० एमएएचची, पण सोबतचा चार्जर १० वॅटचा. रिकामी बॅटरी भरायला चारेक तास धराच, म्हणजे रात्री लावून ठेवायची सवय हवी. बोटाच्या ठशाने उघडत नाही. सिम नाही, फक्त वाय-फाय. ज्या घरात वाय-फाय नाही आणि ज्याच्यावरून नेट घ्यायचं तो आईबाबांचा फोन दिवसभर बाहेर असतो, तिथे ही अडचण खरी आहे. आम्ही पुस्तकं आणि दीक्षावरचे धडे आधीच उतरवून ठेवले, दुपारी नेटशिवाय चालतं. पण रोज लाइव्ह क्लास असेल तर सिमवाला टॅबच बघा. तो स्वस्तातला घ्यायचा तर बहुधा साडेआठ-पावणेनऊ इंची मिळेल. त्याची रुंदी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरते. हे माहीत असून घ्या.

आणखी एक. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावी होऊन अकरावी विज्ञानला जाणाऱ्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब देते. ज्यांची मुलं यात बसतात त्यांनी खरेदीआधी तिथल्या अर्जाची चौकशी करा. माझ्या वर्गातल्या कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं आणि ते हप्त्यावर टॅब घेऊन मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं.

५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत "आकाश" हा सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब जाहीर झाला, तो दिवस मला आठवतो. किंमत सव्वादोन हजारांच्या घरात. स्टाफरूममध्ये आम्ही बातमी मोठ्याने वाचली होती. सात इंची, बोटाने दाबून चालवायचा पडदा, २५६ एमबी रॅम. पुढे या टॅबचं काम पवईच्या आयआयटीकडे आलं. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता प्रत्येक पोराच्या दप्तरात एक असणार. आजही माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे वाचण्याजोगा पडदा नाही. वडिलांचा फोन आहे, तोही रात्री आठनंतर. तेरा-चौदा हजार म्हणजे काही घरांचा महिन्याचा पगार. तो खर्च होणार असेल तर त्या पैशात मुलाला पुस्तकाचं अख्खं पान दिसलं पाहिजे, एवढाच माझा हट्ट आहे.

जवळपास राहणाऱ्यांनी घेण्याआधी संध्याकाळी घरी या. मुलांनाही आणा. आवर्तसारणीचं पान उघडून देते, त्यांनाच वाचू द्या.