आठ तास कोण गातं?

सदाशिव पेठेतल्या आमच्या समूहगानाच्या वर्गाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'व्हिएन्ना बॉइज क्वायरची (ऑस्ट्रियातला मुलांचा गायकवृंद) मुलं दिवसाला आठ तास गातात, त्यांना शाळाबिळा नसते, आवाज फुटला की दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून ती जगात एक नंबर.' खाली लगेच एका बाबांचा प्रश्न, "सर, आपणही तास वाढवायचे का?"

नाही.

तिथला रोजचा सराव साधारण दोन तासांचा. चौदा वर्षांपर्यंतची शंभरेक मुलं, चार वृंदांत विभागलेली, व्हिएन्नातल्या ऑगार्टेनच्या राजवाड्यात राहतात आणि शिकतात. म्हणजे शाळा आहे, गणितापासून सुटका नाही. वर्षातले नऊ ते अकरा आठवडे दौऱ्यावर असतात, ते मात्र कष्टाचंच.

'दुसऱ्या दिवशी घरी' ही गोष्ट बहुधा संगीतकार हायडनची, त्याच्या लहानपणची. आवाज गेल्यावर, 1749च्या सुमारास, तो खरंच रस्त्यावर आला. पण तो गायचा सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये. व्हिएन्ना बॉइज क्वायर परंपरा सांगते ती 1498च्या दरबारी गायकवृंदाची, आणि त्या वृंदात होता पुढे संगीतकार झालेला शूबर्ट. त्याने आपल्या गाण्याच्या कागदावर लिहून ठेवलं: शूबर्ट शेवटचा आरवला, 26 जुलै 1812. (आरवला! पोरगं पुण्यात शोभलं असतं.) त्यानंतरही वर्षभर तो त्याच वसतिगृहात राहून शिकत होता.

आता प्रश्न विचारणाऱ्या बाबांच्या मुलाबद्दल. वय तेरा. गणपतीपर्यंत काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, बिनधास्त तार सा लावायचा. दिवाळीनंतर पंचमावरच चिरकायला लागला. पोरं हसली, तोही हसला आणि पुढच्या दिवसापासून मागच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवू लागला. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. असा गळा आठ तास पलटे घोटायला बसवला तर ताणूनच गाणार. मी त्याची पट्टी उतरवली, तार सप्तक बंद केलं. वीस मिनिटं सावकाश सा-नी-ध, बाकी वेळ हातावर ताल आणि इतरांच्या चुका पकडायचं काम. ते काम तो फारच आवडीने करतो.

परवा पांढरी तीनमध्ये, या उतरवलेल्या पट्टीत, मंद्र धैवतापर्यंत खाली गेला. स्वर हलत होता, पण ओठ हलवायचं नाटक नव्हतं.

तेव्हा बाबा, वेळ तीच, सहा ते सात. पाण्याची बाटली तेवढी विसरू देऊ नका.